जागा संपली होती

उंब्रजला हायवे सोडून पाटणकडे वळलं की थोड्या वेळाने एक छोटं गाव लागतं, तिथे एसटी थांब्यासमोर ऑईल इंजिन रिपेअरिंगचं एक दुकान आहे. दुकान मी तरी कधी उघडं पाहिलेलं नाही, पण त्याच्यावरची पत्र्याची पाटी मला लहानपणापासून पाठ आहे, कारण आजोळी जाताना एसटी तिथे हमखास दहा मिनिटं थांबायची आणि खिडकीतून दुसरं बघण्यासारखं काही नसायचं. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, त्यांना खालून उजवीकडून लाल शेड, वरच्या ओळीत देवाचं नाव अगदी ऐसपैस, आणि खालच्या ओळीत 'ऑईल इंजिन रिपेअरिंग वर्क्स'. आता यातलं 'रिपेअरिंग' पर्यंत सगळं रुबाबात चाललंय, आणि 'वर्क्स' मात्र तिघांच्या सीटवर चौथा बसतो तसं अंग चोरून कोपऱ्यात बसलंय. व उंच आणि सडपातळ, रफार मागे झुकलेला, आणि क्स तर एकमेकांच्या मांडीवर. गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्या गाडीने चालले होते, मुद्दाम थांबले, उतरले आणि मोबाईल काढला. इतक्या वर्षांनी, म्हणजे डिझायनर झाल्यानंतरच्या डोळ्यांनी, ते 'वर्क्स' बघून मी खरंच हरखले होते. काय ते कंडेन्स्ड, म्हणजे दाबून अरुंद केलेलं अक्षर, एकाच ओळीत दोन रुंदीची अक्षरं वापरायची काय ती हिंमत.

"त्यो नगा काढू ओ ताई."

पलीकडे चहाच्या टपरीला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा लेंगा, सदऱ्याच्या बाहीवर जुना, कधीच न निघणारा हिरवा डाग. मला वाटलं दुकानाचे मालक असतील, परवानगी न घेता फोटो काढला म्हणून चिडलेत. मी जवळ जाऊन सांगायला लागले की काका मी पुण्याची, हे अक्षर फार सुंदर आहे, मी याच लाईनमधली आहे वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्याच काढलीय ती पाटी. पर त्यो शेवट चुकलाय. जागा संपली हुती."

मी हसले, तेही हसले, चहा झाला. मी गाडीत बसले. आणि घाट संपेपर्यंत मला काहीतरी टोचत राहिलं, काय ते मात्र कळेना.

तर आधी कबुली. माझ्याकडे 'इन्स्पो', म्हणजे इन्स्पिरेशन, नावाचा एक फोल्डर आहे. त्यात आणखी फोल्डर आहेत. त्याशिवाय पिंटरेस्टवर ४३ बोर्ड आणि त्यात सहा हजारांच्या वर पिना, म्हणजे जपून ठेवलेली चित्रं, बिहान्स आणि ड्रिबल या डिझायनर लोक आपलं काम टाकतात त्या साईटींवर वेगळं, इन्स्टावर सेव्ह केलेलं तर मोजतच नाही, आणि फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट, ज्यांच्यामुळे नवऱ्याचा वाढदिवसाचा व्हिडिओ काढताना स्टोरेज फुल आलं होतं. नवीन काम आलं की पहिले दोन दिवस मी काम करत नाही, मी 'रेफरन्स बघते'. रात्री साडेबारा-एकला, दिवा घालवून, अंथरुणात, अंगठ्याने. त्यात एक सुख असतं हे नाकारत नाही, म्हणजे हलवायाच्या दुकानाबाहेर उभं राहून काचेतून बघण्यातलं. प्रत्येक गोष्ट सेव्ह केली की वाटतं हे आता माझं झालं, पोटात गेलं, योग्य वेळी बाहेर येईल. त्या पाटीच्या प्रकरणानंतर एका रात्री मी स्वतःची परीक्षा घेतली, डोळे मिटून त्या सहा हजारांतल्या दहा पिना आठवायच्या ठरवल्या. चार आठवल्या. त्यातली एक माझ्याच जुन्या कामाची निघाली.

आणि तिथलं सगळं एकमेकांसारखंच होत चाललंय हे तर आम्ही सगळेच बोलतो, बोलतो आणि परत तिथेच जातो. पैसे पाठवायचं अ‍ॅप असो की श्रीखंडाचं दुकान, तोच जांभळ्यातून निळ्यात जाणारा रंग, तीच गोल कोपऱ्यांची कार्डं, तोच भलामोठा जाड अक्षरातला मथळा आणि त्याच्या बाजूला तरंगणारा मोबाईल. मी काही वरून बोलत नाहीये, मी स्वतः श्रीखंडाला जांभळा दिलेला आहे. ग्राहकाने घेतला पण, बिचारा.

मला आठवतं ते सगळं पिंटरेस्टच्या आधीचं आहे, ही गोष्ट मात्र विचित्र. आठवीत एलिमेंटरीला बसले होते. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही एलिमेंटरी-इंटरमीजिएट म्हटलं की पोस्टर कलरच्या बाटल्यांचा तो जरासा आंबूस वास येत असणार. स्मरणचित्रात पाणी भरणाऱ्या बायका, वस्तुचित्रात तांब्या आणि त्याच्या शेजारी वांगं किंवा सिमला मिरची, आणि संकल्पचित्र. संकल्पचित्राला ठरलेल्या मापाची चौकट, त्यात पानं-फुलं-पक्षी बसवायचे, रंग सपाट लावायचा, ब्रशचा फटकारा दिसला की मार्क गेले. भूमितीच्या पेपरात अक्षरलेखन असायचं, पेन्सिलीने फिकट चौकोन आखून त्यात एकेक अक्षर बसवायचं. आमचे चित्रकलेचे सर वर्गात फिरताना एकच गोष्ट म्हणायचे, आधी मोज. अक्षर काढायच्या आधी किती अक्षरं आहेत ते मोज, मधे किती फटी आहेत त्या मोज. मी कधी मोजलं नाही. माझ्या सरावाच्या कागदावर दर वेळी शेवटचं अक्षर समासाला चिकटायचं आणि सर लाल पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल करायचे. म्हणजे बघा, पेंटरकाकांनी केलं तेच मी केलं होतं, मला तेव्हा त्यासाठी मार्क कापले होते, आणि तीस वर्षांनी तीच गोष्ट दुसऱ्याच्या हातची बघून मी तिला स्टाईल म्हणून फोटो काढत होते.

तेव्हाचं माझं 'इन्स्पो' म्हणजे वह्यांची कव्हरं. आमच्याकडे ब्राऊन पेपर विकत आणायची पद्धत नव्हती, दिवाळी अंक वाचून जुने झाले की त्यांच्या मुखपृष्ठांची आणि गुळगुळीत जाहिरातींच्या पानांची कव्हरं घातली जायची. मराठीत दिवाळी अंक सुरू झाला तो 'मनोरंजन'चा, १९०९ साली, तेव्हापासून किती चित्रकारांची घरं या मुखपृष्ठांनी चालली असतील. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचे गठ्ठे होते, त्यात दीनानाथ दलालांची, रघुवीर मुळगावकरांची चित्रं असायची. दलालांनी तर १९४५ साली 'दीपावली' हा स्वतःचाच अंक काढला, म्हणजे चित्रकार मुखपृष्ठापुरता न राहता अख्ख्या अंकाचा मालक. मला यातलं तेव्हा काही माहिती नव्हतं. माझ्या इतिहासाच्या वहीवर दलालांची एक बाई होती, मान वळवून बघणारी, तिच्या पदराच्या काठाचा हिरवा मागच्या भिंतीतही थोडासा उतरला होता. ती वही वर्षभर रोज माझ्यासमोर होती. एक चित्र, दहा महिने, ऑफ तासाला, परीक्षेला, कंटाळा आल्यावर. ती बाई मला आजही काढता येईल. रंग असा दोन ठिकाणी ठेवला की चित्र बांधलं जातं हे मला कुठल्याही कोर्सने शिकवायच्या आधी त्या वहीने शिकवलं होतं, फक्त मला तसं कळलं नव्हतं.

आणि रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान. बाबा ते पान चहाबरोबर वाचायचे, जायचं कुठल्याच नाटकाला नसायचं. छोट्या छोट्या चौकटी, एकमेकींना खेटून, आणि प्रत्येक चौकटीत नाटकाचं नाव असं काढलेलं की ते नाव बघूनच नाटक विनोदी की खुनाचं ते कळावं. ती अक्षरं कमल शेडग्यांची असायची हे मला अप्लाईड आर्टला गेल्यावर कळलं. पेपरातली जागा विकली जाते सेंटिमीटरवर. निर्मात्याकडे पैसे कमी, नाव लांबलचक, आणि शेजारच्या चौकटीत दुसऱ्याचं नाटक ओरडतंय. त्या अक्षरांच्या वेलांट्या अशा का वळल्या, एखादा काना दुसऱ्या ओळीत का घुसला, हे त्या चौकटीला विचारायचं. आम्ही कॉलेजात त्याच वेलांट्या ट्रेस करायचो, पण ए-थ्रीच्या अख्ख्या कोऱ्या कागदावर. मोकळ्या मैदानात गर्दीतल्यासारखं अंग चोरून चालायचं, तसं दिसायचं ते.

तर टोचत होतं ते हे असावं. म्हणजे मी अक्षराचा फोटो काढला होता, अडचणीचा नाही.

त्याच सुमारास माझ्याकडे एका काकूंचं काम होतं. शाळेतून रिटायर झालेल्या मराठीच्या शिक्षिका, घरी मसाले करतात, गोडा, काळा, मेतकूट, भाजणी. मुलाने सांगितलं वेबसाईट कर. मी नेहमीप्रमाणे दोन दिवस रेफरन्स बघितले, एक फुकट यूआय किट, म्हणजे बटणं-कार्डं-मथळे यांचा तयार साचा, उतरवून घेतलं, त्यात इंग्रजीच्या जागी मराठी भरलं, आणि मग जे होतं ते झालं. हे काम करणाऱ्यांना सांगायला नको. इंग्रजी मथळ्याला अक्षरांमधे हवा देऊन जरा श्रीमंत लुक आणतात ना, ती लेटर-स्पेसिंग देवनागरीला दिली की शिरोरेघ तुटते, गोडा मसाल्याचे गो आणि डा आणि म असे दातात फटी असल्यासारखे सुटे उभे राहतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात. किटमधली सगळी बटणं कॅपिटलमध्ये, आमच्याकडे कॅपिटल नावाची भानगडच नाही. आणि बटणाची रुंदी 'बाय' या तीन इंग्रजी अक्षरांना पुरेल एवढी, त्यात मी टाकलं 'आत्ताच खरेदी करा'. 'करा' खाली पडलं.

जागा संपली होती!

बटण रुंद करणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या कोडमध्ये, एक आकडा बदलायचा. पण तो म्हातारा डोक्यात बसलेला, म्हटलं पत्रा वाढवता येत नाही असं समजू. खरेदी करा. विकत घ्या. मागवा. मग काकूंनाच फोन केला की तुमच्याकडे माणूस दारात येतो तेव्हा तुम्ही काय म्हणता. त्या म्हणाल्या, मी कशाला काय म्हणू, तो विचारतो मेतकूट आहे का, मी म्हणते आहे की, घ्या. बटणावर 'घ्या' लिहिलं. दोन अक्षरं सुद्धा नाहीत. इतकी वर्षं वेबसाईटी करतेय, बटणावरचा शब्द मला पहिल्यांदा कुणीतरी बोलल्यासारखा वाटला.

काकूंनी दुसरी एक गोष्ट पकडली ती तर मी माझ्या लाईनमध्ये असूनही सोडून दिली होती. पहिलं पान बघितल्यावर त्या म्हणाल्या सगळं छान आहे गं, पण हा ल आपला नाही. त्यांच्या ब्रँडच्या नावात ल पण आहे आणि श पण. मराठीचा ल पाकळ्यांचा, आणि मी टाकलेला दांडीला देठाने लटकलेला, हिंदीचा. आयुष्यभर फळ्यावर ल काढणाऱ्या बाईला ते दिसणारच. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून मराठीचा ल आणि श कसा असावा ते सांगितलंय, तेही त्यांनीच मला ऐकवलं, तारखेसकट. गंमत म्हणजे बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही ल असतात, पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये एका शब्दात सांगितलं की आतला मराठी ल बाहेर येतो. तो एक शब्द मी कधी लिहीतच नव्हते. यूआय किट इंग्रजीचं, त्यात भाषा इंग्रजी लिहिलेली, ती तशीच ठेवून मी आत मराठी कोंबत होते. (आत्ता तुमच्या मोबाईलवर हे वाचताना ल कुठला दिसतोय बघा. बहुतेक आपला नसेल.)

त्या रात्री पिंटरेस्ट न उघडता मी फॉन्टांच्या मागची माणसं शोधत बसले. इतकी वर्षं फुकट वापरतेय आणि नावं माहिती नाहीत याची थोडी लाजच वाटली. विंडोजवर मराठी टाईप करताना आपल्यासमोर येत राहिला तो 'मंगल', तो र. कृ. जोशींचा, जे कविता करायचे, जाहिरातीत होते, आणि मग आयआयटीत शिकवायचे. माझ्या निम्म्या कामांत असणारा 'मुक्ता' आणि तो गुटगुटीत 'बलू', हे मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे. त्यांचाच 'मोदक' म्हणून एक फॉन्ट आहे, इतका जाड की अक्षराच्या आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्यात, उकडीचा मोदक दाबून बसवल्यासारखा, बघूनच हसू येतं. 'टिरो देवनागरी मराठी' मध्ये तर आपला ल न मागता मिळतो. हे सगळं फुकट, सगळं कायदेशीर, आणि हे बनवणाऱ्यांनी ऱ्य सारख्या जोडाक्षरावर किती दिवस घालवले असतील. वाऱ्यावर, दऱ्या, सुऱ्या, हा चंद्रकोरीसारखा र आपल्याच कामाचा, त्यांनी तो नीट बसवला म्हणून आपलं 'वाऱ्यावर' दुखत नाही.

मग पुढचे काही रविवार मी जरा वेगळे घालवले. ठाण्याला बहीण असते, तिथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले, ते १८९३ सालापासून आहे. जुन्या पुस्तकांचा वास तुम्हाला माहितीये, त्यावर लिहीत नाही. पण त्या पिवळ्या पानांवर बोट फिरवलं की अक्षर बोटाला लागतं, खिळ्याने, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षराने, कागद दाबलेला असतो. निर्णयसागरचा तो टाईप बघितला, जावजी दादाजींच्या छापखान्यातला, ज्याच्यासाठी राणोजी आरूंनी पोलादावर अक्षरं कोरली. तो टाईप नुसता सुंदर म्हणून आम्ही बघतो. पण हे खिळे ओळीत लावणाऱ्या जुळाऱ्याच्या जागी उभं राहून विचार केला तर देवनागरी जुळवणं म्हणजे शेकडो घरांच्या खणांतून एकेक खिळा उचलणं, काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धं अक्षर वेगळं. टिळकांनी 'केसरी'साठी हे खिळे कमी करायचा खटाटोप केला. सावरकरांनी तर इ-ई-उ-ऊ काढूनच टाकले आणि अ ला वेलांटी, अ ला उकार अशी बाराखडी सुचवली. काही जुन्या पुस्तकांत तशी छपाई आहे, 'अितिहास', 'अुत्तर'. लहानपणी मला वाटायचं छापणाऱ्याची चूक आहे. आता ते पान समोर ठेवून मी बराच वेळ बसले होते. त्यांच्याकडेही काहीतरी संपत होतं, आणि ते भाषेच्या मुळाक्षरांपर्यंत जाऊन भिडले होते. मी बटण रुंद करणार होते.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे नाहीतर हा लेख खोटा होईल. 'आपल्या मुळांकडे चला' हे पण आता एक दुकान झालंय. 'देसी' म्हणून शोधलं की राजस्थानी हत्ती, ट्रकची फुलं, रिक्षा, आणि वारली माणसं एकाच पॅकमध्ये मिळतात, दोनशे आकृत्या, व्यावसायिक वापरासकट. वारलीचं मला विशेष लागतं कारण मी स्वतः ते पाप केलेलं आहे, एका बिस्किटाच्या पुड्यावर. तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणारी माणसं घेतली, आडवी पट्टी केली, झालं. मूळ चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी असते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशेंनी ते भिंतीवरून कागदावर आणलं आणि जगभर नेलं, पण ते त्यांचंच होतं, त्यांना माहिती होतं काय उचललं आणि काय मागे ठेवलं. माझ्या बिस्किटांना यातलं काहीच माहिती नव्हतं. तेव्हा जांभळा ग्रेडियंट वाईट आणि वारली चांगली असं काही माझं म्हणणं नाहीये. जांभळ्याने निदान कुणाच्या लग्नातलं काही उचललेलं नसतं.

त्यापेक्षा मला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचं बरं वाटतं, त्यांनी २०१७ साली पावणेचार लाखांच्या आसपास फोटो कुणीही कशालाही वापरा म्हणून मोकळे केले, आणि प्रत्येकाखाली काय आहे, कुठलं आहे, कशाचं केलंय, किती इंचाचं आहे ते लिहिलेलं असतं. किती इंचाचं, हे फार महत्त्वाचं वाटायला लागलंय मला. पिंटरेस्टवर सगळंच अंगठ्याएवढं.

काकूंच्या साईटचं शेवटी काय झालं तर ते त्यांच्या स्वयंपाकघरातच मिळालं. लेबलांची मापं घ्यायला गेले होते, भिंतीवर कालनिर्णय. १९७३ पासून आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर आहे म्हणून आपण त्याच्याकडे बघत नाही, पण एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण, संकष्टी असेल तर चंद्रोदय, आणि एवढं करून मोकळी जागा पण, ज्यात काकूंनी पेनाने लिहिलं होतं, 'गोडा २ कि.', 'मिरची वाळत', 'कांडप बंद'. त्यांचा सगळा धंदा त्या चौकोनांत होता. कुठल्या दिवशी काय ताजं ते बघून माणसं मागवतात. मी साईटवर उत्पादनांची कार्डं काढून टाकली आणि महिना टाकला. आजचा चौकोन, त्यात आज काय भाजलंय, आणि खाली 'घ्या'. काकूंना एका मिनिटात कळलं, त्यांना शिकवावं लागलं नाही.

मग मी काय केलं? मी त्याचा केस स्टडी करून बिहान्सवर टाकला. सुंदर मॉकअप, म्हणजे सजवलेली नमुनाचित्रं, सुंदर इंग्रजी, मोठमोठे शब्द. भरपूर लाईक आले. दोन आठवड्यांनी परत वाचताना लक्षात आलं की त्यात काकूंच्या पेनाने लिहिलेल्या चौकोनांचा उल्लेखच नाही, बटणावरचा शब्द त्यांचा हेही नाही. सगळं मला 'सुचलं' होतं. मी ते दुरुस्त केलं, पण कुणी परत येऊन वाचतं थोडंच.

दिवाळीला आजोळी जायचं होतं. जाताना एक कागद प्रिंट करून घेतला. त्या 'वर्क्स'वरून मी एक अक्षरमाला करायला घेतली होती, अंग चोरलेली, उंच, अगदी क पासून ज्ञ पर्यंत नाही पण वीसेक अक्षरं झाली होती. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला चालले होते. टपरीवर विचारलं तर म्हणाले पेंटर आता तिकडं, पोराच्या दुकानात. पोराचं फ्लेक्सचं दुकान निघालं. मला वाटलं आता काहीतरी करुण बघायला मिळणार, पण तसं काही नव्हतं. काका मशिनशेजारी खुर्ची टाकून मजेत बसले होते, मशिन गुरगुरत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ओकत होतं, आणि काका पोराला ओरडत होते की 'हार्दिक'चा रफार क वर गेलाय बघ, त्यो द वर पायजे, त्यो कुटं ऱ्हातू तुला कळतंय का. हात आता थरथरतो म्हणाले, शिडीवर चढवत नाही, एसी आहे इथं, बरं आहे.

मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. ओळखलं त्यांनी. बराच वेळ बघून म्हणाले, "आता तुमीबी चुकलात व्हय."

आणि मोठ्याने हसले. पोरगाही हसला. मला काय म्हणावं कळेना, मी म्हटलं मग कसं पाहिजे होतं? तर त्यांनी पोराला सांगून फ्लेक्सच्या रोलच्या मधली जाड पुठ्ठ्याची पट्टी मागवली, ड्रॉवरमधून एक खडू आणि सुताचा दोरा काढला. दोऱ्याला खडू घासला, एक टोक मला धरायला दिलं, ताणला आणि मधे चिमटीत धरून सोडला, टप् करून सरळ पांढरी रेघ. खाली आणखी एक. मग मला माझं नाव विचारलं. आडनावासकट. बोटांवर मोजलं, वेलांटीला अर्धं धरलं, अनुस्वाराला काही नाही धरलं, आणि मधलं अक्षर कुठलं ते काढलं. पट्टीचा मध्य खुणेने पाडला आणि तिथून सुरू केलं, माझ्या नावाच्या पोटातून, एक अक्षर उजवीकडे, मग एक डावीकडे. डब्यातला उरलासुरला लाल ऑईलपेंट होता, त्यावर साय धरलेली, ती काडीने बाजूला केली. हात थरथरत होता, म्हणून डाव्या हाताखाली एक काठी आडवी टेकवली आणि तिच्यावर उजवा मनगटाने ठेवला, की मग थरथर ब्रशपर्यंत पोचत नव्हती. रॉकेलचा वास, आणि मागे मशिनचा आवाज.

माझ्या फोल्डरमध्ये 'ऑर्नामेंट' म्हणून एक वेगळा भाग आहे, त्यात अशा गावच्या पाट्यांवरच्या कोपऱ्यातल्या फुलांचे सतरा फोटो आहेत. पाच पाकळ्यांचं, बाजूला दोन पानं. मी त्यांचा एक सिद्धांत पण केला होता, रांगोळीशी नातं वगैरे.

नाव पुरं झालं. दोन्ही बाजू बघितल्या त्यांनी. उजवीकडे दोन बोटं जास्तच राहिली होती, माझ्या आडनावात वेलांट्या जास्त आहेत, मोजताना त्या जरा जड धरल्या गेल्या असतील. त्यांनी ब्रश पुसला, परत बुडवला, आणि तिथे पाच पाकळ्यांचं एक फूल काढलं, बाजूला दोन पानं.

मी विचारलं, काका, हे कशाला?

"उरली की जागा," म्हणाले.

पट्टी वाळायला ठेवली आणि पोराकडे वळले, रफार अजून तिथेच होता.